बारा लाकडी सैनिकांवर तिनं राज्य उभारलं, तेरा वर्षं चालवलं आणि एक दिवस सोडून दिलं

रोलप्ले गेममध्ये राज्य चालवायला मिळालं की सुरुवातीला जाम मजा येते. किल्ला आपला, सैन्य आपलं, खजिना आपला. पण दोन-चार डाव झाले की कटकटी सुरू होतात.

खजिना रिकामा झालाय. कर वाढवला तर गावं उपाशी राहतील, नाही वाढवला तर पगाराविना सैनिक पळून जातील. युद्धात पकडलेल्या कैद्यांचं काय करायचं? सोडले तर परत लढायला येतील, मारले तर आपण कसले राजे? आणि आपण जिथं किल्ला बांधला त्या जमिनीवर आधी कोण राहत होतं?

यावर कुणीतरी हमखास म्हणतंच की गेम आहे, इथं खरं कोण मरतंय, एवढा विचार कशाला करायचा!

पण हाच विचार एका मुलीनं वयाच्या दहाव्या वर्षापासून केला. कॉम्प्युटर सोडा, तिच्या घरात मेणबत्तीसुद्धा मोजून मिळायची. तिचं नाव शार्लट ब्रॉन्टे. जेन एअर ही जगप्रसिद्ध कादंबरी लिहिणारी लेखिका म्हणून ती आपल्याला माहीत असते. पण कादंबरीकार होण्याआधी तेरा वर्षं ती एका काल्पनिक राज्याची कर्तीधर्ती होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

सहा भावंडं, त्यातली चार उरली

शार्लटचा जन्म 21 एप्रिल 1816 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागातला. वडील पॅट्रिक ब्रॉन्टे मूळचे आयर्लंडमधल्या गरीब घरातले. शिकून केंब्रिजपर्यंत पोचले आणि चर्चचे पाद्री झाले. 1820 मध्ये त्यांची हॉवर्थ या डोंगरावरच्या गावात नेमणूक झाली आणि सगळं कुटुंब तिथं राहायला आलं. घराच्या एका बाजूला दफनभूमी, मागं मैलोन् मैल पसरलेलं माळरान.

पुढच्याच वर्षी आई वारली. सहा मुलांना सांभाळायला मावशी आली ती कायमचीच.

1824 मध्ये चार मुलींना पाद्र्यांच्या मुलींसाठी असलेल्या एका निवासी शाळेत घातलं. थंडी, अपुरं जेवण आणि कडक शिस्त. तिथून थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, आजारी होऊन घरी आल्या आणि 1825 च्या मे-जून महिन्यांत क्षयानं गेल्या. मारिया अकरा वर्षांची होती, एलिझाबेथ दहा. वडिलांनी शार्लट आणि एमिलीला शाळेतून काढून घरी आणलं.

नऊ वर्षांची शार्लट आता घरातली सगळ्यात मोठी मुलगी झाली. तिच्या पाठचा भाऊ ब्रॅनवेल, मग एमिली आणि सगळ्यात धाकटी ॲन.

ही शाळा आणि हे दोन मृत्यू लक्षात ठेवा, ते पुढं परत येणार आहेत.

लीड्सहून आलेला डबा

5 जून 1826 ला वडील लीड्स शहरातून परत आले. येताना त्यांनी ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी सैनिकांचा डबा आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॅनवेल तो डबा घेऊन बहिणींच्या खोलीत आला. शार्लटनं उडी मारून त्यातला सगळ्यात उंच, देखणा सैनिक उचलला आणि जाहीर केलं की हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ब्रॅनवेलनं लगेच आपल्या सैनिकाला नाव दिलं बोनापार्ट. एमिलीनं गंभीर चेहऱ्याचा एक निवडला, तर ॲनला मिळाला एक छोटासा, विचित्र दिसणारा सैनिक.

आता हा वेलिंग्टन कोण? 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती. पण आपल्याकडं त्याची ओळख त्याच्याही आधीची आहे. 1803 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि 23 सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच. इंग्लंडमधल्या पोरांसाठी मात्र तो निव्वळ हिरो होता.

पुढं हे बारा सैनिक जहाजात बसून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरतात, असा खेळ सुरू झाला. तिथं त्यांनी एक शहर वसवलं, त्याचं नाव ग्लास टाऊन. मुलांनी भूगोलाच्या पुस्तकाचा आधार घेतला, ब्रॅनवेलनं रंगीत नकाशा काढला. चौघांच्या चार सैनिकांची चार राज्यं झाली आणि त्यांच्या मधोमध सामाईक राजधानी.

हे भावंडं नुसतं लिहीत नव्हती. ती पात्रं होऊन बोलायची, भांडायची, लढायची. आजच्या भाषेत सांगायचं तर चार प्लेअरचा रोलप्ले होता आणि चौघंही गेम मास्टर होते.

मेलेल्यांना उठवायचा अधिकार

कुठल्याही गेममध्ये पहिला व्यावहारिक प्रश्न येतो तो मरणाचा. इथंही आला. सैनिक बाराच. लढाईत मेलेले कायमचे मेले असं धरलं तर आठवड्याभरात राज्य रिकामं होणार.

मुलांनी अरेबियन नाइट्समधून तोडगा शोधला. चौघं स्वतःच जिन्न झाले. टॅली, ब्रॅनी, एमी आणि ॲनी अशी त्यांची नावं. हे जिन्न वादळं आणायचे, शहर उद्ध्वस्त करायची धमकी द्यायचे आणि मेलेल्या सैनिकांना परत जिवंत करायचे.

सोय झाली, पण तिच्यासोबत एक गोम आली. मेलेला माणूस परत उठणार असेल तर युद्ध करायला कोण कचरेल? ब्रॅनवेलला युद्धं फार आवडायची आणि त्यानं ती भरपूर केली.

शार्लटचं लक्ष दुसरीकडं होतं. डिसेंबर 1827 मधल्या एका थंड रात्री मुलं कंटाळून बसली होती. मोलकरीण टॅबी मेणबत्ती लावू देत नव्हती. वेळ घालवायला प्रत्येकानं एकेक बेट निवडलं आणि नवा खेळ सुरू झाला. शार्लटनं त्याची हकीकत 1829 मध्ये लिहून ठेवली आहे. या खेळात बेटावर हजार मुलांची एक शाळा होती. बाहेरून ती राजवाड्यासारखी होती, पण खाली तळघर होतं आणि त्याच्याही खाली काळोख्या कोठड्या होत्या. खट्याळ मुलांना कोंडायला. इतक्या खोल की आतून कितीही किंचाळलं तरी वर ऐकू येऊ नये.

शार्लट इथं थांबली नाही. अशा ठिकाणी कुणी मुलांचा अन्यायानं छळ केला तर कुणाला पत्ता लागणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. म्हणून तिनं सोय करून ठेवली. तळघराची किल्ली शार्लटकडं, कोठड्यांची किल्ली एमिलीकडं. ब्रॅनवेलकडं एक मोठा काळा सोटा होता आणि तो मुलांना त्यानं बेदम बडवायचा, हेही तिनं न लपवता लिहिलं.

अडीच वर्षांपूर्वी शाळेपायी दोन बहिणी गमावलेल्या मुलीचा हा खेळ आहे. तिनं शिक्षेची जागा काढून टाकली नाही, तिची किल्ली मात्र आपल्या हातात घेतली. राज्य चालवताना तुरुंग लागतोच असं तिला वाटत होतं, पण तिथं काय चालतं यावर कुणाचं तरी लक्ष हवं, हेही तिला कळत होतं.

पुढं या शाळेतल्या मुलांनी बंड केलं, असाही भाग तिनं लिहिला. म्हणजे किल्ली चांगल्या माणसाकडं असली तरी आत असलेल्यांना ते पटेलच असं नाही.

आगपेटीएवढी वर्तमानपत्रं

जानेवारी 1829 पासून ब्रॅनवेलनं ग्लास टाऊनसाठी एक मासिक काढलं. काही महिन्यांत त्याचं संपादन शार्लटकडं आलं. मासिक साधारण साडेतीन बाय सहा सेंटिमीटरचं, आगपेटीएवढं. सैनिकांना हातात धरून वाचता यावं असं माप! अक्षर छापल्यासारखं आणि इतकं बारीक की भिंगाशिवाय वाचता येऊ नये. त्यात कथा, कविता, परीक्षणं आणि जाहिरातीसुद्धा.

यातली एक मासिकाची प्रत 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात 6 लाख युरोंच्या बोलीला गेली. हॉवर्थच्या ब्रॉन्टे संग्रहालयासाठी ती ब्रॉन्टे सोसायटीनं विकत घेतली.

पण किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे ते या कागदांमध्ये काय चालायचं ते. शार्लट आणि ब्रॅनवेल वेगवेगळ्या लेखकांची नावं घेऊन एकमेकांना झोडपायचे. शार्लटचं आवडतं टोपणनाव होतं लॉर्ड चार्ल्स वेलस्ली, म्हणजे ड्यूकचा धाकटा मुलगा. हा चार्ल्स भोचक आणि खोडकर. आपल्या थोरल्या भावाची, म्हणजे राज्याच्या मोठ्या हिरोची, तो यथेच्छ टिंगल करायचा. भाऊ किती गर्विष्ठ आहे, बायकांशी कसा वागतो, सगळं चव्हाट्यावर मांडायचा.

राज्य तिचं आणि राजाही तिचा लाडका. तरी त्याच्यावर टीका करणारं वर्तमानपत्रही तिनंच चालवलं.

अँग्रिया आणि बिघडलेला राजा

जानेवारी 1831 मध्ये शार्लट रो हेड नावाच्या दुसऱ्या शाळेत गेली. जाताना भावंडांनी ग्लास टाऊन संपवायचं ठरवलं. तिनं त्याच्या विनाशावर कविताही लिहिली. पण 1832 मध्ये ती घरी परतली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. दरम्यान एमिली आणि ॲननं वेगळी चूल मांडली होती. त्यांच्या राज्याचं नाव गोंडल.

उरलेल्या दोघांनी 1834 मध्ये नवं राज्य काढलं, अँग्रिया. हे नाव ऐकून मराठी माणसाला कान्होजी आंग्रे आठवतील, कारण इंग्रज त्यांचं आडनाव असंच लिहायचे. हे अँग्रिया मात्र आफ्रिकेत, ग्लास टाऊनच्या पूर्वेला. झेंड्यावर उगवता सूर्य.

राजा झाला शार्लटचा झमोर्ना, वेलिंग्टनचा थोरला मुलगा. युद्ध जिंकून दिल्याचं बक्षीस म्हणून त्याला हा प्रदेश मिळाला. पंतप्रधान झाला ब्रॅनवेलचा नॉर्थअँगरलंड, जुना बंडखोर, कारस्थानी आणि वर झमोर्नाचा सासरा. एका घरातले दोन प्लेअर, दोघांची दोन पात्रं, एकमेकांशिवाय चालत नाही आणि एकमेकांवर विश्वासही नाही.

1836 मध्ये यादवी पेटली. सासऱ्यानं जावयाचं राज्य उलथवलं. आता झमोर्नाकडं सूड घ्यायला एकच हत्यार होतं, त्याची बायको मेरी, म्हणजे नॉर्थअँगरलंडची लाडकी मुलगी. त्यानं तिला टाकून दिलं. ती झुरून मेली की बापाला खरी जखम होईल, असा हिशेब.

राजकारण म्हणून डाव बिनतोड होता. पण मेरीचा गुन्हा काय?

त्या वेळी शार्लट रो हेडमध्येच शिक्षिकेची नोकरी करत होती. घरी ब्रॅनवेलनं परस्पर मेरीला मारून टाकलं. तिकडं शाळेत शार्लट या काळजीत की भावानं खरंच तिला मारलं की काय. सुट्टीत घरी आल्यावर तिनं नवी गोष्ट लिहिली आणि त्यात मेरी जिवंत निघाली. तेव्हा शार्लट वीस वर्षांची होती.

गेममध्ये कोण कुणाचा जीव घेऊ शकतो आणि तो निर्णय कुणाचा, यावरून आजही खेळणाऱ्यांमध्ये भांडणं होतात. ब्रॉन्टेंच्या घरात ती दोनशे वर्षांपूर्वी होत होती.

जमीन कुणाची?

आता या राज्यातली सगळ्यात अवघड गोष्ट.

ग्लास टाऊन जिथं वसवलं ती जागा मोकळी नव्हती. तिथं अशांती लोकांचं राज्य होतं. खऱ्या जगातही तेव्हा इंग्रजांचं त्यांच्याशी युद्ध सुरू होतं. 1824 मध्ये त्या लढाईत इंग्रज गव्हर्नर मारला गेला होता. मुलांच्या घरात नियतकालिकं वाचली जायची आणि त्यातलं जग खेळात उतरायचं.

खेळात अशांतींचा पराभव होतो. त्यांच्या राजाचा अनाथ मुलगा क्वाशिया याला वेलिंग्टन आपल्या घरी वाढवतो. मोठा झाल्यावर क्वाशिया बंड करून उठतो. मुलांच्या लेखी तो कृतघ्न आणि क्रूर. ज्यांनी त्याचा मुलूख घेतला त्यांच्याविरुद्ध तो का लढतो, हे त्याच्या तोंडून सांगायची संधी त्याला मिळतच नाही.

राजाची थट्टा करणारा धाकटा भाऊ शार्लटला सुचला. कोठडीची किल्ली कुणाकडं असावी हेही सुचलं. पण जमीन कुणाची, हा प्रश्न तिनं विचारला नाही. तिच्या काळातली बहुतेक शहाणी माणसंही विचारत नव्हती. तरीही, असईच्या रणांगणाजवळ राहणाऱ्या वाचकाला ही रिकामी जागा दिसल्याशिवाय राहत नाही.

राज्य नशेसारखं चढायला लागलं

रो हेडमधले दिवस शार्लटसाठी वाईट गेले. दिवसभर मुलींना शिकवायचं, वह्या तपासायच्या. थोडी सवड मिळाली की डोळ्यांपुढं अँग्रिया. इतकं स्पष्ट की झमोर्ना समोर उभा आहे असं वाटावं. अशात एखादी विद्यार्थिनी धडा विचारायला आली की तिला त्या मुलीचा संताप यायचा. हे सगळं तिनं त्या वेळच्या टिपणांत लिहून ठेवलंय.

तिचं मन तिला खायला लागलं. समोरची खरी माणसं आपल्याला नकोशी होतायत आणि मनातल्या राज्यात आपण अशा माणसाच्या प्रेमात आहोत जो बायकोला मरायला सोडतो. पाद्र्याच्या मुलीला हे पाप वाटत होतं.

डिसेंबर 1836 मध्ये तिनं इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट सदी यांना पत्र लिहून आपल्या कविता पाठवल्या. मार्च 1837 मध्ये त्यांचं उत्तर आलं. दिवास्वप्नांत रमलीस तर रोजच्या आयुष्याला नालायक होशील, असा इशारा त्यात होता आणि साहित्य हा बाईच्या आयुष्याचा उद्योग असू शकत नाही, असंही. दुसरा सल्ला तिनं मानला नाही हे आपल्याला माहीतच आहे. पहिला मात्र तिला कुठंतरी लागला.

1839 मध्ये ती काही महिने एका श्रीमंत घरात मुलांना सांभाळायला राहिली. तिथं तिचा दर्जा धड पाहुण्याचा नाही, धड नोकराचा नाही. मुलं जुमानत नव्हती आणि मालकीण शिवणकामाचे ढीग पुढ्यात टाकत होती. मनातल्या राज्याची मालकीण आता रोज दुसऱ्याच्या हुकमाखाली जगत होती.

त्या वर्षीच्या तिच्या अँग्रियाच्या गोष्टी बदललेल्या दिसतात. एकीत एलिझाबेथ हेस्टिंग्ज नावाची बाई येते. दिसायला साधी, बुटकी, स्वतःच्या कमाईवर जगणारी. एक सरदार तिला रखेल म्हणून राहायला सांगतो. तिचं त्याच्यावर प्रेम असतं, तरी ती नाही म्हणते. दुसऱ्या गोष्टीत झमोर्ना स्वतःच्या पालकत्वाखाली असलेल्या कोवळ्या कॅरोलाइनला नादी लावतो. इथं शार्लट त्याच्यावर भाळलेली दिसत नाही. सत्ता असलेला माणूस जिला सांभाळायचं तिलाच कसा फसवतो, हे ती थंडपणे दाखवते.

1839 च्या अखेरीस तिनं एक छोटं टिपण लिहून अँग्रियाचा निरोप घेतला. तिथल्या तळपत्या उन्हातून आता एखाद्या थंड, ढगाळ मुलखात जायचंय, असा त्याचा आशय. त्या ओळखीच्या चेहऱ्यांना सोडताना आपण परक्या देशात एकटे पडलोय असं तिला वाटत होतं. तेव्हा तिचं वय होतं तेवीस.

जो राज्य सोडू शकला नाही

ब्रॅनवेलची गोष्ट वेगळी झाली. घरात सगळ्यात हुशार समजला गेलेला हा मुलगा. चित्रकार व्हायचं ठरवलं, जमलं नाही. रेल्वेत कारकून झाला, 1842 मध्ये हिशेबात तूट निघाली म्हणून नोकरी गेली. मग एका घरी शिकवणीला लागला, तिथूनही 1845 मध्ये काढून टाकलं. दारू आणि अफूनं त्याला पोखरलं.

या काळात त्यानं वर्तमानपत्रांत कविता छापून आणल्या. त्यावर सही कुणाची? नॉर्थअँगरलंड. बहिणीनं राज्य सोडलं तरी तो पंतप्रधानच राहिला.

मग कल्पनेतलं राज्य माणसाला बिघडवतं असं म्हणायचं का? एमिलीकडं बघितलं तर तसं वाटत नाही. 1845 च्या उन्हाळ्यात ती आणि ॲन यॉर्कला फिरायला गेल्या. एमिली सत्ताविसाव्या वर्षात होती. सगळा प्रवासभर दोघी गोंडलमधली पात्रं होऊन बोलत होत्या, राजाच्या बाजूचे लोक बंडखोरांपासून कसे पळतायत ते साकारत होत्या. आणि याच सुमारास तिच्या हातून वुदरिंग हाइट्ससारखी कादंबरी लिहून झाली. खेळ तोच होता. एमिलीला त्यातून बाहेर येऊन भाकरी भाजता येत होती, ब्रॅनवेलला बाहेर यायला जागाच उरली नव्हती.

किल्ली आता आतल्या माणसाकडं

1842 मध्ये शार्लट आणि एमिली फ्रेंच शिकायला ब्रसेल्सला गेल्या. परतल्यावर स्वतःची शाळा काढायचा विचार होता, पण एकही विद्यार्थिनी आली नाही. 1846 मध्ये तिघी बहिणींनी पुरुषी वाटतील अशा टोपणनावांनी कवितासंग्रह छापला. पहिल्या वर्षभरात दोन प्रती खपल्या. फक्त दोन.

ऑक्टोबर 1847 मध्ये शार्लटची जेन एअर आली आणि लंडनभर गाजली.

या कादंबरीची सुरुवात आठवा. दहा वर्षांची अनाथ जेन मामीकडं राहतेय. मामेभाऊ तिला छळतो, ती प्रतिकार करते आणि शिक्षा म्हणून मामी तिला एका लाल खोलीत कोंडते. बाहेरून कुलूप. आत काळोख पडत जातो, ती भीतीनं किंचाळते.

वीस वर्षांपूर्वीच्या खेळातलीच ही कोठडी आहे. तेव्हा शार्लट बाहेर किल्ली घेऊन उभी होती. आता ती आत आहे आणि गोष्ट आतून सांगतेय.

पुढं जेन ज्या शाळेत जाते ती शार्लटच्या लहानपणीच्या शाळेवरून घेतली आहे. तिथं मरणारी हेलन म्हणजे थोरली बहीण मारिया. इथं मेलेल्यांना उठवायला जिन्न नाही, हेलन मरते ती मरतेच. आणि वाड्याचा मालक रॉचेस्टर? तो झमोर्नाचाच वारस आहे, रुबाबदार आणि हुकूम सोडायची सवय असलेला. फरक एवढाच की इथं जेन त्याला सोडून निघून जाते आणि बरोबरीच्या नात्यानं जगता येईल तेव्हाच परत येते.

तरी या वाड्यातही वरच्या मजल्यावर एक कुलूपबंद खोली आहेच. तिथं जमैकाहून आणलेली रॉचेस्टरची पहिली बायको बर्था कोंडलेली आहे. क्वाशियासारखीच तिलाही आपली बाजू सांगायला मिळत नाही. ती सांगायला जग 1966 पर्यंत थांबलं. कॅरिबियन बेटांवर वाढलेल्या जीन रीस या लेखिकेनं बर्थाच्या बाजूनं अख्खी कादंबरी लिहिली. शार्लटनं जी किल्ली उचलली नव्हती ती दुसऱ्या कुणीतरी उचलली.

शेवटची वर्षं

यश आलं तेव्हा घर रिकामं होत होतं. 24 सप्टेंबर 1848 ला ब्रॅनवेल गेला. 19 डिसेंबरला एमिली. 28 मे 1849 ला ॲन. आठ महिन्यांत तिघं. सैनिकांचा डबा उघडणाऱ्या चौघांपैकी एकटी शार्लट उरली.

तरी ती लिहीत राहिली. 1849 मध्ये शर्ली, 1853 मध्ये व्हिलेट. शर्लीत तिनं गिरणी कामगारांच्या दंग्यांचा काळ घेतला. तिथं मालक, यंत्रं आणि भुकेले मजूर आहेत. राज्यकर्त्याच्या खिडकीतून लढाया बघणारी मुलगी आता उपाशी माणसाच्या दारातून बघायला शिकली होती.

29 जून 1854 ला तिनं वडिलांच्या हाताखालच्या पाद्र्याशी, आर्थर बेल निकल्स यांच्याशी लग्न केलं. 31 मार्च 1855 ला, गरोदर असताना आजारी पडून, ती गेली. वय अडतीस.

आणि आपले गेम?

1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला. तोही खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांमधूनच जन्मला. त्याच्या पहिल्याच नियमांत वरच्या लेव्हलला पोचलेल्या योद्ध्याला किल्ला बांधून रयतेकडून कर घ्यायची मुभा होती. म्हणजे सैनिकांपासून राज्यापर्यंतचा हॉवर्थच्या पोरांचा रस्ता जगानं पुन्हा एकदा चालून बघितला.

गेममध्ये कोणी खरं मरत नाही, हे खरंच आहे. ग्लास टाऊनमध्येही कोणी मेलं नाही. पण मेरीला मारायचं की वाचवायचं हे ठरवताना शार्लट स्वतःबद्दल काहीतरी ठरवत होती. एलिझाबेथ हेस्टिंग्जचा नकार तिनं खेळात आधी लिहून बघितला, म्हणून आठ वर्षांनी जेनचा नकार तिला लिहिता आला.

तेव्हा पुढच्या वेळी गेममध्ये तुमच्या किल्ल्याखाली तळघर निघालं, तर खजिना मोजायच्या आधी जरा बघा. आत कोण आहे आणि किल्ली कुणाकडं आहे?